सरलाच्या पोटातलं सोयाबीन

९ जून २०२५, सोमवार

निरोपसमारंभात मला शाल, नारळ आणि ही डायरी मिळाली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, राहिली डायरी. मी मालवण स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या कधी लागल्या नि कधी सुटल्या ते लिहीत बसलो. आता माझ्या घरातलं लिहितो. कोणी वाचायचं नाही, तेव्हा खरं लिहायला काय जातंय?

तर खरं असं, की सरलाचं ठीक नाही. बायको माझी. इथे कट्ट्याला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. गेल्या वर्षापासून तिला मध्येच एकदम भडका उडाल्यासारखं होतं. मान, कान लाल होतात, ब्लाउज घामाने भिजतो आणि थोड्या वेळाने हुडहुडी भरते. झोप तर नाहीच. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. पाळी जायचं वय आहे, म्हणाल्या, बाकी काही नाही. बाकी काही नाही म्हणे!

शाळेचे आताचे मुख्याध्यापक ऑगस्टअखेर निवृत्त होतायत. संस्थेने ती खुर्ची सरलाला विचारली आहे. गणपतीच्या सुट्टीआधी हो की नाही ते सांगायचंय. आज जेवताना मला म्हणाली, "मी नाय म्हणान सांगतलंय."

"कित्या गो?"

"सुट्टीच्या आदी वर्गात माका 'भरती' ह्यो शब्द आठवलो नाय. ओहोटी आठवली, भरती आठवना. पोरा हसली. अशी बाई शाळा काय चालवतली?"

या शाळेत तिचे केस पांढरे झाले. त्या खुर्चीवर बसलेल्यांची अर्धी कामं हिनेच केली आणि आता खुर्ची समोर आल्यावर ही पाठ फिरवणार. मला फार वाईट वाटलं. "बघू," असं म्हटलं. बघू म्हणजे काय ते मला स्वतःलाच माहीत नाही.

१२ जून, गुरुवार

अस्मिताचा फोन. मुलगी आमची. पुण्याला एका प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्यातल्या जंतूंचा अभ्यास करते. पाहुण्यांना हे सांगायचं कसं ही माझी जुनी अडचण आहे. आईची चौकशी केलीन. मग बोलता बोलता म्हणाली, सोयाबीनमध्ये अशी काही द्रव्यं असतात, की बाईच्या शरीरातलं जे हार्मोन या वयात कमी होतं, त्याची थोडीशी नक्कल करतात. काही बायकांना त्याने भडके कमी झाल्यासारखे वाटतात, काहींना ढिम्म फरक पडत नाही. "बाबा, नक्की असं काही नाही हां. उगाच डोक्यात घेऊ नका," असं पुन्हा पुन्हा सांगितलंन.

मी डोक्यात घेतलं.

१४ जून, शनिवार

बाजारात दत्तारामच्या दुकानात सोयाबीन मागितलं. त्याने वड्यांचं पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, वड्या नकोत, दाणे हवेत. "दाणे? कोंबड्यो पाळल्यात काय?" म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर हसला. आवशीचो घोव! मी सांगितलं, कणकवलीहून मागव नि गप मागव.

१७ जून, मंगळवार

सोयाबीनची उसळ केली. मी केली. सरला म्हणाली, "माका त्येच्या वाटेक लावू नकात." नारळ, कांदा, आमचा घरचा मसाला, काही म्हणजे काही कमी केलं नाही. तरी कच्च्या पावट्याला ओलं पोतं बांधून ठेवल्यासारखा वास येत राहिला. सरलाने एक घास घेतला आणि पाणी प्यायली. मी ताट पुसून खाल्लं. त्यानंतर माझ्या पोटात जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी देवळात जायचं रद्द केलं.

अस्मिताला विचारून ती पोटातली सगळी भानगड समजून घेतली. हे द्रव्य एकटं प्रवास करत नाही. त्याच्या डोक्यावर साखरेचं गाठोडं असतं आणि गाठोड्यासकट आतड्याच्या दारातून आत जाता येत नाही. मी म्हटलं, मग आमच्या एसटीसारखंच की, गाठोडं टपावर टाक आणि मग चढ. अगदी तसंच, म्हणाली. थोडी गाठोडी आतड्यातले पाचक रस उतरवतात, पुष्कळशी तिथले जंतू उतरवतात. मग द्रव्य रक्तात शिरतं आणि यकृताकडे जातं. यकृत त्याला दुसरंच गाठोडं देतं नि त्यातलं बरंचसं पित्ताबरोबर परत आतड्यात पाठवतं. तिथे जंतू पुन्हा गाठोडं उतरवतात, पुन्हा आत. म्हणजे मालवण-कट्टा-मालवण अशा फेऱ्याच चालू. शेवटी उरलंसुरलं लघवीतून बाहेर.

पुढचं तर आणखी नवल. काही जणांच्या पोटात खास जंतू असतात. ते या द्रव्यातून 'इक्वॉल' नावाची जास्त जोरदार वस्तू बनवतात. हे सगळ्यांना जमत नाही. एका घरात एकच जेवण जेवणाऱ्या दोघांत एकाला जमतं, एकाला नाही. आपल्या सरलाला जमत असेल का? मी तिला हे सगळं हातवारे करून सांगितलं.

"माझ्या पोटात एसटी नको," म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

२० जून, शुक्रवार

सुचलं! आंबोळी! आंबवलेल्या सोयाबीनमधली बरीच गाठोडी आंबवणारे जंतूच आधी उतरवून ठेवतात, असं अस्मिता बोलून गेली होती. आणि आंबवणं काय आम्हाला पुण्याने शिकवायचं? तांदूळ-उडदाचं पीठ रात्री आंबत टाकून सकाळी आंबोळ्या घालणं हे आमच्या घरात बाबांच्या आधीपासून चालू आहे. उडदाच्या जागी सोयाबीन. अस्मिता म्हणाली, कच्चं वाटू नका, आधी चांगलं उकडून घ्या. गाठोडी किती उतरतील ते मात्र सांगता येणार नाही, प्रत्येक पिठाचं वेगळं.

सरलाने स्पष्ट सांगितलं, "मी ता वाटूचंय नाय आणि घालूचंय पण नाय. तुमका होया तर तुम्ही उठा सकाळी."

उठतो की! नोकरीत पहिल्या गाडीची पाळी असायची तेव्हा उठतच होतो. पाचाचा गजर लावलाय.

२१ जून, शनिवार

पहिली आंबोळी तव्याला चिकटली. दुसरी जळली. तिसरीचा भारताचा नकाशा झाला, काश्मीर मोडून पडलं. चौथी बरी झाली. तोपर्यंत स्वयंपाकघरात धूर. उठलोच होतो म्हणून पंप लावून पाणी भरलं, देवाची फुलं काढली, चहा टाकला. एवढा वेळ असतो सकाळी, कोणास ठाऊक!

सरला उठून आली तेव्हा उजाडून गेलं होतं. गोंधळली. घड्याळ बघितलंन, मग माझ्याकडे. मी तिच्या हातात चहा दिला. मागच्या पडवीत जाऊन बसली. बघतो तर डोळे पुसत होती. धुराने. उद्यापासून मागचं दार उघडं ठेवूनच तवा तापवायचा.

आंबोळी मात्र तिच्या घशाखाली उतरेना. "इतक्या सकाळी नको. डब्यात द्या, शाळेत खातलंय." ठीक. पोटात गेलं म्हणजे झालं, घरात काय नि शाळेत काय.

२९ जून, रविवार

आठवडाभर नेमाने चाललंय. तिच्या आईने दिलेला, नाव कोरलेला जुना डबा मी भरतो. चार आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. संध्याकाळी डबा परत येतो तो कधी रिकामा नाही. एकदा तवशी म्हणजे काकड्या, एकदा अळूची पानं, काल फणसाच्या आठळ्या. मी विचारलं, ही कोण देतंय? "शाळेतल्या बायो," म्हणाली. "डबो रिकामो कोण परत करता?" ते खरंच. आपल्याकडे रीतच ती. पण शाळेत एवढी भाजी येते कुठून? हल्लीचे शिक्षक शिकवतात की मळे लावतात?

तवशी छान होती. आमच्या मागच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, विमला राहते, तिच्या परसातल्यासारखीच कोवळी.

८ जुलै, मंगळवार

फरक! सरलाने आज आपण होऊन सांगितलं, की वर्गात शब्द अडला नाही. भडका आला होता, पण तिने पोरांना "थांबा रे, बाईंची भट्टी पेटली" असं सांगितलंन नि सगळी हसली, तीही हसली. घरात गुणगुणते. काल मला म्हणाली, "जाडे झालात तुम्ही. बरे दिसतात." मी पिठात मीठ घालायला गेलो नि दोनदा घातलं.

संस्थेला काय सांगणार, असं हळूच विचारलं. "बघया," म्हणाली. गेल्या महिन्यात 'नाय' होतं.

गडग्याशी विमला भेटली. काजूच्या कारखान्यात कामाला जाते, सरलाच्याच वयाची. तिलाही म्हणे हाच त्रास होता. हल्ली तिचा चेहरा फार तरतरीत दिसतो. म्हटलं, "काय गो, औषध बदललास काय?" तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. काय झालं हसायला?

१९ जुलै, शनिवार

आता पुरावा पाहिजे. अस्मिताच्या प्रयोगशाळेत लघवीत हे द्रव्य आणि इक्वॉल किती येतं ते मोजतात. मी तिच्या मागेच लागलो. शेवटी म्हणाली, "पाठवा, पण दोघांचं पाठवा. तुलना करता येईल." सरला आधी नाही म्हणाली. मग माझ्याकडे बराच वेळ बघितलंन आणि म्हणाली, "धाडा. होऊ दे काय होता ता."

थर्माकोलच्या पेटीत बर्फ घातला. आपण सुरमई पाठवतो तशीच पेटी, तशीच चिकटपट्टी. बाटल्यांवर नावं घातली. पुण्याच्या गाडीवर शिवा कंडक्टर आहे, माझा जुना माणूस. त्याने पेटी हातात घेतली नि डोळे मिचकावले. "साहेब, बांगडो काय सुरमई?" मी म्हटलं, "घरचा आसा. उलटा करू नको."

२० जुलै, रविवार

अस्मिताचा फोन. तिच्या खोलीतल्या मुलीने मासे आले म्हणून पेटी उघडली, मसाला वाटून तयार ठेवला होता. आता ती मुलगी माझ्याशी बोलणार नाही म्हणे.

२८ जुलै, सोमवार

कंबर धरली. पाण्याचा हंडा उचलताना कटकन आवाज झाला तो झालाच. तीन-चार दिवस आडवा आहे. पीठ नाही, आंबोळी नाही. सरलाच उठते.

आणि परिणाम बघा! आज शाळेतून आली ती पर्स खुर्चीवर फेकून बसली. सकाळपासून भडक्यांनी जीव खाल्ला, रात्री डोळा लागला नाही, पोरांवर खेकसली. मला म्हणाली, "माका जमाचा नाय. मी उद्याच नाय म्हणान कळवतंय." मी अंथरुणातून हात जोडले. म्हटलं, गणपतीपर्यंत थांब, एवढं माझं ऐक.

यावरून सिद्ध होतं, की सोयाबीन बंद पडलं की त्रास परत येतो. वाईट वाटलं तरी प्रयोगाच्या दृष्टीने उत्तम झालं.

३ ऑगस्ट, रविवार

कंबरेला पट्टा बांधून परत तव्याशी. पाणी थोडं थोडं भरलं. सरला उशिरा उठली, पडवीत चहा घेऊन बसली. पायावर पाय टाकून बसते हल्ली. अशी बसलेली मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच बघितली असेन.

गडग्याशी विमला म्हणाली, "भावजीनू, बरे झालात ता बरा झाला. आमका चुकल्यासारखा वाटा होता." किती माया करतात शेजारी!

८ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल आला. मी इक्वॉल बनवणारा निघालो! माझ्या पोटात ते खास जंतू आहेत, तेही भरपूर. मी फोनवरच टाळी वाजवली. अस्मिता म्हणाली, "बाबा, अभिनंदन, पण तुम्हाला त्याचा भडक्यांसाठी काय उपयोग?" असू दे. माणसाच्या अंगात एखादा गुण असावा.

मग सरलाचं सांगितलंन. इक्वॉल नाही. ते ठीक, सगळ्यांना जमत नाही. पण मूळ द्रव्यही नाही. अगदी नावालासुद्धा नाही. रोज चार चार आंबोळ्या खाऊन!

म्हणजे हिचं आतडं काही घेतच नाही? मला एकदम आठवलं, मे महिन्यात हिची दाढ काढली तेव्हा प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्याने जंतू मरतात. बिचारीच्या पोटात गाठोडी उतरवायला माणूसच राहिला नाही! आजपासून पीठ जास्त आंबवायचं आणि डब्यात ताकाची बाटली द्यायची. आंबोळ्या चारच्या सहा.

१३ ऑगस्ट, बुधवार

सहा आंबोळ्या बघून सरला म्हणाली, "ओ, माका काय पैलवान करतात?" डबा मात्र घेऊन गेली. संध्याकाळी डब्यातून एक नाही, दोन तवशी आली.

अस्मिताला माझा जंतूंचा सिद्धांत सांगितला. तिने तो पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "बाबा, जंतू कमी असले तरी थोडं तरी दिसतंच. कोऱ्या पाटीसारखं येत नाही. तुम्हीच सांगा, स्टँडवर एकही प्रवासी उतरला नाही, तर तुम्ही काय समजता?"

"गाडी रिकामी आली."

"किंवा?"

"किंवा गाडी आलीच नाही. पण गाडी रोज मी स्वतः सोडतो गो!"

"मग आईला विचारा," म्हणाली आणि तिला दुसरं काम आलं. हल्लीची मुलं शिकतात फार, पण धड उत्तर द्यायचं म्हणून नाही.

आईला काय विचारायचं? तुझं आतडं नीट चालत नाही म्हणून आधीच खचलेल्या बाईला सांगायचं? मुळीच नाही.

पण एक मनातून जात नाही. काहीच शोषलं गेलं नाही, तर मग तिला बरं कशाने वाटतंय?

२० ऑगस्ट, बुधवार

आज सरलाला संस्थेची बैठक म्हणून लवकर जायचं होतं. डबा न घेताच पुढच्या वाटेने रिक्षाने गेली. मी परसात अबोलीची फुलं काढत होतो. गडग्यावर विमला येऊन उभी राहिली, हातात स्टीलचा डबा.

"वैनी गेल्यो काय? कालचो डबो ऱ्हवलो माझ्याकडे. ह्यो घेवा, आत भेंडी आसा."

डबा माझ्या हातात आला. झाकणावर सरलाच्या आईने कोरून घेतलेलं नाव.

"ह्यो तुझ्याकडे कसो?"

ती बोलत सुटली. काय लपवायचं असतं ते तिच्या डोक्यातच नव्हतं. "रोज येता नाय! मागच्या वाटेन जाताना वैनी आंबोळ्यो माका देतत, मी त्यांका माझी भाकरी देतंय. पण भावजीनू, काय हाताक चव आसा तुमच्या! ह्यांका पण आवडतत. आणि खरा सांगू, माझे भडके अर्ध्यार इले. तुमच्या त्या सोयाबीनाक कोणी नाव ठेवू नये."

फुलांची परडी तिथेच राहिली.

जूनपासून. रोज. मी पाचाला उठून, कंबर मोडून, हातावर चटके घेऊन. आणि ही गडग्यावरून वाटून मोकळी! अस्मितालाही कळलं होतं, नक्कीच. विमलाला माहीत, विमलाच्या नवऱ्याला माहीत, दत्तारामलाही माहीत असेल. एक मीच तेवढा येडो. संध्याकाळी डबा ओट्यावर मांडून ठेवला. तिने तो बघितलान नि धुवून फळीवर ठेवलान. आंबोळीचं पीठ वाटलं नाही. गजर लावला नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गजर नव्हता तरी पाचाला जाग आली. सवयच झाली मेली. पण उठलो नाही. म्हटलं, बघू दे तिला.

थोड्या वेळाने ती उठली. पंपाचा आवाज, हंड्याचा आवाज. मला तहान लागली म्हणून दाराशी गेलो आणि तिथेच थांबलो. शेगडीवर एकीकडे चहा, एकीकडे भाजी. मधेच तिने ओट्याला दोन्ही हात टेकले, डोळे मिटले. मान लाल झाली होती. पदराने तोंड पुसलंन, पुन्हा पुसलंन. मग फुलांची परडी शोधायला बाहेर गेली, परडी मी कालच गडग्याशी टाकली होती ती भिजून आली होती. परत येऊन कणीक मळायला घेतली. तो चहा उतू गेला. तो पुसला. स्वतः प्यायली नाहीच. माझा कप झाकून ठेवलान.

हे ती रोज करत होती. मी सातला उठून झाकलेला कप उचलत होतो. डायरीत जुलैचं पान काढून बघायची मला गरज पडली नाही. कंबर धरली तेव्हा काय बंद पडलं होतं, ते समोरच दिसत होतं.

मी आत गेलो, तिच्या हातातली परात घेतली. पहिल्यांदा तर रागच बाहेर पडला.

"खाल्लस नाय तर सांगूचा तरी!"

"माका तो वास सोसना."

"मगे पयल्याच दिवशी सांगूचा. मी कित्या मरत होतंय तव्याशी?"

"सांगितलंय असता, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परत सातापर्यंत घोरत रवला असतात."

खरंच होतं. सोयाबीन नको म्हटल्यावर मी कशाला उठलो असतो?

मग ती खाली पाटावर बसली. "तुमका वायट वाटला ता माका कळता. पण काय सांगू ओ. लग्न होऊन इलंय तेव्हापासून उठल्या उठल्या माका कोणी चाय दिली नाय. आवशीकडे पण नाय, थय मीच थोरली. त्या पयल्या दिवशी तुम्ही कप हातात दिलात नि मी पडवीत जाऊन रडलंय. तुम्ही आत तव्याशी भांडा होतात."

"माका वाटला, धूर गेलो डोळ्यात."

"तुमका काय, धूरच दिसतलो," म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता परत डोळे पुसलंन. माझंही तेच झालं. शेगडी बंद होती, तेव्हा धुराचं नाव सांगायची सोय नव्हती.

"भडके गेले काय पण?"

"खंय जातत! येतत अजून. पण झोप झाली काय माणूस सोसता. शब्द पण आठवतत. आज बगा, सकाळपासून डोक्यात धुका."

उद्या तिला संस्थेला कळवायचं आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाचाला उठलो. पाणी, फुलं, चहा. आंबोळीचं पीठ नव्हतं म्हणून पोळ्या करायला घेतल्या, त्यांचे नकाशे आंबोळ्यांपेक्षा वाईट. सरला उजाडल्यावर उठली, चहा घेऊन पडवीत बसली, पायावर पाय टाकून. मी कपबशी घेऊन शेजारी बसलो. एवढे दिवस कधी बसलो नव्हतो, तव्याकडे लक्ष असायचं.

अस्मिताला फोनवर सगळं सांगितलं. "मला निकाल आला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाली. "पण आई म्हणाली, ह्यांका सांगू नको, मगे ते उठाचे नाय." दोघी सामील! मी म्हटलं, विमलाचं खरं काय ते तपासायला तिची बाटली पाठवू का? तर ओरडलीच. "बाबा, माझ्या खोलीत आता कोणतीही पेटी यायची नाही!"

दुपारी शाळेतून आल्यावर सरलाने फोन हातात घेतला. डायल करायच्या आधी मला विचारलंन, "मुख्याध्यापकांका लवकर पोचूचा लागता. सकाळचा कोण बगतलो?"

"मी."

"सोयाबीन नसला तरी?"

"नसला तरी."

"कंबर धरली तर?"

"तर विमलाक हाक मारीन. पण तू उठाची नाय."

तिने नंबर लावला. अध्यक्षांशी बोलताना तिची भाषा लगेच बदलते, पुस्तकातल्यासारखी होते. "नमस्कार सर. सरला बोलतेय. हो, मी विचार केलाय. मी तयार आहे." एकही शब्द अडला नाही. फोन ठेवताना मात्र कान लाल झाले, कपाळावर घाम फुटला. मी पुठ्ठ्याने वारा घातला. "भरती इली," म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकून हसली.

संध्याकाळी दोन भांडी भिजत घातली. एकात आमचे तांदूळ-उडीद. दुसऱ्यात विमलाचं सोयाबीन, तिने गडग्यावरून बजावून सांगितलंय, की बंद करायचं नाही. आत्ता हे लिहीत होतो तर सरला दाराशी आली.

"गजर लावलात?"

"लावलंय."